तिसऱ्या सामन्यातला पिचर

ज्या सामन्यापासून मला सुरुवात करायची आहे तो सामना बोस्टन रेड सॉक्स १९-८ असा हरले. तारीख १६ ऑक्टोबर २००४, मैदान बोस्टनचे फेनवे पार्क, प्रतिस्पर्धी न्यूयॉर्क यांकीज. अमेरिकन लीगच्या विजेतेपदासाठी खेळल्या जाणाऱ्या सात सामन्यांच्या मालिकेतला हा तिसरा सामना होता आणि तो संपला तेव्हा यांकीज ३-० असे पुढे होते. आधी चार सामने जिंकणारा संघ वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेत, जाणार होता, म्हणजे यांकीजना उरलेल्या चारांपैकी एकच सामना हवा होता. मेजर लीग बेसबॉलमध्ये सात सामन्यांच्या मालिकेत ०-३ अशा पिछाडीवरून उठून मालिका जिंकणे तोवर एकाही संघाला साधले नव्हते.

बोस्टनने पुढचे चारही सामने जिंकले. त्या चार रात्रींची कहाणी अमेरिकेत असंख्य वेळा सांगितली गेली आहे आणि तिच्यात नायकांची वाण नाही. डेव्ह रॉबर्ट्सने चोरलेला बेस, डेव्हिड ऑर्टिझचे लागोपाठच्या दोन सामन्यांतले निर्णायक फटके, कर्ट शिलिंगचा रक्ताने भिजलेला मोजा. यांतले काहीच मला नाकारायचे नाही. परंतु गेली वीस वर्षे माझे मत असे आहे की ही मालिका बोस्टनने त्या १९-८ च्या सामन्यातच वाचवली, आणि ती वाचवणाऱ्या माणसाचे नाव टिम वेकफिल्ड. हे मत मूळचे माझे नाही. ते माझ्या वडिलांचे आहे, ज्यांनी आयुष्यात बेसबॉलचा एकही सामना डोळ्यांनी पाहिला नव्हता. १ ऑक्टोबर २०२३ रोजी वेकफिल्ड वयाच्या ५७व्या वर्षी मेंदूच्या कर्करोगाने गेला. बाबा त्याच्या चार वर्षे आधी गेले होते. ती बातमी वाचली तेव्हा ती सांगायला घरात कोणी नव्हते, आणि तेव्हापासून हे लिहायचे राहून गेले आहे.

२००४ साली मी मालाडच्या एका कॉल सेंटरमध्ये रात्रपाळीला होते. आमचे ग्राहक बहुतेक मॅसॅच्युसेट्स राज्यातले, क्रेडिट कार्डाच्या बिलाविषयी विचारणा करणारे. ऑक्टोबरात बोस्टनचे घड्याळ मुंबईच्या साडेनऊ तास मागे असते, त्यामुळे त्यांच्या कामाच्या दिवसभर आमची रात्र सरत असे. प्रशिक्षणाच्या पहिल्या पंधरवड्यात आम्हांला उच्चारांबरोबर बेसबॉलही शिकवला गेला होता, कारण आपल्याकडे क्रिकेट न पाहणारा माणूसही जसा ‘त्याने गुगली टाकली’ किंवा ‘अमक्याची विकेट पडली’ असे सहज म्हणून जातो, तसे तिकडच्या लोकांच्या रोजच्या बोलण्यात त्या खेळातले शब्द मुरलेले असतात. फळ्यावर टोकावर उभा केलेला चौकोन काढून त्याच्या चार कोपऱ्यांवर चार बेस दाखवले गेले. बरोबरच्या बहुतेकांनी परीक्षेपुरते ते पाठ केले आणि सोडून दिले. मी शिवाजी पार्कच्या आसपास वाढलेली, घरात जेवताना क्रिकेटखेरीज दुसरा विषय न ऐकलेली मुलगी. चेंडू टाकणारा एक आणि तो मारणारा एक, एवढे ऐकल्यावर पुढचे कळेपर्यंत मला चैन पडणे शक्य नव्हते.

ज्यांना हा खेळ अजिबात ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. प्रत्येक संघाला नऊ इनिंग मिळतात आणि प्रत्येक इनिंगमध्ये तीन गडी बाद झाले की बाजू बदलते. पाहुणा संघ आधी खेळतो, यजमान नंतर. चेंडू टाकणारा तो पिचर, बॅटरच्या मागे बसून तो घेणारा कॅचर. एकेक बेस गाठत खेळाडू चौथ्या, म्हणजे घरच्या बेसवर परतला की एक धाव होते, आणि मारलेला चेंडू थेट प्रेक्षकांत गेला तर तो होमरन. चेंडू मारला गेलेला नसताना धावपटू पिचरचा डोळा चुकवून पुढच्या बेसवर पोचला, तर त्याने बेस चोरला असे म्हणतात. त्याने ठरावीक कक्षेबाहेर चार चेंडू टाकले तर बॅटरला पहिला बेस फुकट मिळतो, त्याला वॉक म्हणतात. नऊ इनिंगनंतर बरोबरी असेल तर निकाल लागेपर्यंत एकेक इनिंग वाढत जाते. आणि या मालिकेपुरती सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे एकदा मैदानाबाहेर गेलेला पिचर त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. सामन्याची सुरुवात करणारा पिचर शंभरेक चेंडू टाकतो आणि मग त्याच्या खांद्याला चार-पाच दिवसांची विश्रांती लागते. म्हणून लागोपाठच्या दिवशी सामने असतात तेव्हा व्यवस्थापकाला आजच्या सामन्याबरोबर उद्याच्या आणि परवाच्या खांद्यांचाही हिशेब ठेवावा लागतो.

बोस्टनच्या लोकांचे दुःख मला फोनवरून समजत गेले. रेड सॉक्सने शेवटची वर्ल्ड सिरीज जिंकली ती १९१८ साली. त्यानंतर दीडएक वर्षात त्यांनी बेब रूथ नावाचा आपला खेळाडू यांकीजना विकला, आणि तोवर एकदाही वर्ल्ड सिरीज न जिंकलेल्या यांकीजनी २००० सालापर्यंत ती २६ वेळा जिंकली. बोस्टनने एकदाही नाही. १९८६ साली विजय एका स्ट्राइकवर, म्हणजे बॅटरच्या हुकणाऱ्या एका चेंडूवर, आला असताना निसटला. २००३ साली याच दोन संघांमध्ये याच टप्प्यावर सातवा सामना अकराव्या इनिंगपर्यंत गेला आणि यांकीजच्या आरन बूनने त्या इनिंगचा पहिलाच चेंडू प्रेक्षकांत भिरकावून मालिका संपवली. तो चेंडू टाकणारा पिचर टिम वेकफिल्ड होता. त्याच मालिकेतले दोन सामने त्यानेच बोस्टनला जिंकून दिले होते, पण लक्षात राहिला तो हा एक चेंडू. ती रात्र १६ ऑक्टोबर २००३ ची. १९-८ चा पराभव झाला तो बरोबर एका वर्षाने, त्याच तारखेला.

हे सगळे मी बाबांना सांगितले तेव्हा त्यांनी लगेच १९९१ च्या रणजी अंतिम सामन्याची आठवण काढली. वानखेडेवर हरयाणाविरुद्ध मुंबईला ३५५ धावा हव्या होत्या, सचिनने ९६ काढल्या, दिलीप वेंगसरकर १३९ धावांवर नाबाद राहिला आणि मुंबई दोन धावांनी हरली. बाबा त्या दिवशी नॉर्थ स्टँडमध्ये होते. शेवटचा गडी धावबाद झाल्यावर वेंगसरकरच्या डोळ्यांत पाणी आले, हे ते नेहमी अगदी हळू आवाजात सांगत. बोस्टनची माणसे ८६ वर्षे तसे घरी परत जात आहेत, एवढे सांगितल्यावर त्यांना अधिक काही समजावावे लागले नाही.

२००४ च्या मालिकेतले पहिले दोन सामने न्यूयॉर्कला झाले. पहिल्यात शिलिंगच्या उजव्या घोट्याचा स्नायुबंध दुखावलेला असल्याने त्याला नीट उभेही राहता येत नव्हते; तो तीन इनिंग टाकून गेला आणि बोस्टन १०-७ ने हरले. दुसऱ्यात पेड्रो मार्टिनेझने चांगला मारा करूनही ३-१ अशी हार झाली. मग बोस्टनमध्ये पावसाने एक दिवस वाया गेला, आणि शनिवारी तो तिसरा सामना आला. दोन्ही बाजूंचे सुरुवातीचे पिचर दोन इनिंगनंतर टिकले नाहीत, तीन इनिंगनंतर ६-६ अशी बरोबरी होती, आणि तिथून यांकीजनी धावांची रास घातली. एकट्या हिडेकी मात्सुईने पाच वेळा चेंडू मारून बेस मिळवले. नऊ इनिंगचा तो सामना चार तास वीस मिनिटे चालला.

या पडझडीच्या मधोमध वेकफिल्ड उठून व्यवस्थापक टेरी फ्रँकोनाकडे गेला. दुसऱ्या दिवशीच्या चौथ्या सामन्याची सुरुवात त्याने करायची असे ठरलेले होते. तो सामना सोडून आत्ता, या हातचा गेलेल्या सामन्यात, चेंडू टाकायला मी तयार आहे, असे त्याने सांगितले. चौथ्या इनिंगमध्ये तो मैदानात उतरला आणि तीनांहून अधिक इनिंग त्याने टाकल्या. त्याच्याही नावावर धावा चढल्या. पण त्यामुळे शेवटच्या इनिंगमध्ये येणारे माइक टिमलिन आणि कीथ फोक हे दोघे त्या रात्री एकही चेंडू न टाकता ताजे राहिले. आणि चौथ्या सामन्याची सुरुवात करायला डेरेक लोला बोलवावे लागले, ज्याला प्लेऑफसाठी, म्हणजे मोसमाअखेरच्या या बाद फेरीसाठी, सुरुवातीच्या पिचरांच्या रांगेतून वगळलेले होते. ही शेवटची गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण तिचे महत्त्व चार दिवसांनी कळणार होते.

चौथा सामना बोस्टनच्या रविवारी रात्री, म्हणजे आमच्या सोमवारी, १८ ऑक्टोबरच्या सकाळी. शनिवार-रविवारची सुट्टी असल्याने मी घरी होते आणि घरी इंटरनेट नव्हते. दादर पश्चिमेचा सायबर कॅफे नऊ वाजता उघडत असे. ज्या पानावर मी सामना वाचत असे त्यावर चित्र नव्हते, आवाज नव्हता. प्रत्येक चेंडूनंतर एक ओळ उमटत असे आणि ती आली की नाही हे पाहण्यासाठी पान पुन्हा पुन्हा ताजे करावे लागे. मी बसले तेव्हा यांकीज ४-३ ने पुढे होते. बाबा घरी टीव्हीसमोर होते, कारण चेन्नईला ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीचा पाचवा दिवस होता, भारताला जिंकायला २२९ हव्या होत्या आणि आदल्या संध्याकाळी बिनबाद १९ झाल्या होत्या. कुंबळेने त्या कसोटीत तेरा बळी घेतले होते. ‘आज आपण जिंकणार, तू त्या सायबरमध्ये काय जातेस,’ असे ते मला निघताना म्हणाले होते.

नवव्या इनिंगमध्ये यांकीजतर्फे मारियानो रिव्हेरा आला. सामन्याचा शेवट करणाऱ्या पिचरांमध्ये त्याच्या तोडीचा दुसरा झाला नाही, असे माझेच नव्हे, त्याच्या विरोधकांचेही म्हणणे आहे. त्याने केव्हिन मिलारला वॉक दिला. मिलारच्या जागी धावायला डेव्ह रॉबर्ट्स आला, जो जुलैच्या अखेरच्या दिवशी लॉस एंजेलिसहून बोस्टनला आला होता आणि ज्याने त्या मोसमात ४१ प्रयत्नांत ३८ बेस चोरले होते. तो दुसऱ्या बेसकडे धावणार हे मैदानातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. रिव्हेराने त्याला रोखण्यासाठी तीनदा पहिल्या बेसकडे चेंडू फेकला. मग बॅटरकडे पहिला चेंडू टाकला आणि रॉबर्ट्स सुटला. कॅचर होर्हे पोसाडाची फेक चांगली होती, डेरेक जीटरने हातमोजा खालीही आणला, पण रॉबर्ट्सचा हात त्याआधी बेसवर पोचला होता. माझ्यासमोर मात्र एवढीच ओळ आली की रॉबर्ट्सने दुसरा बेस चोरला. ती वाचताना टेबलावर ठेवलेला माझा हात मी दुसऱ्या हाताने घट्ट धरला होता, हे मला आजही आठवते. त्यानंतर बिल म्यूलरने मधोमध मारले, रॉबर्ट्स घरी आला आणि बरोबरी झाली. बाराव्या इनिंगमध्ये ऑर्टिझने दोन धावांचा होमरन मारला. बोस्टनमध्ये तेव्हा रात्रीचा १ वाजून २२ मिनिटे झाली होती, दादरला अकरा वाजायला आठ मिनिटे कमी.

मी घरी धावत गेले. चेन्नईत पाऊस पडत होता आणि बाबा झाकलेल्या खेळपट्टीकडे पाहत बसले होते. त्या दिवशी एकही चेंडू पडला नाही. दुपारी खेळ रद्द झाल्याची घोषणा होईपर्यंत त्यांना दुसरे काही करायचे नव्हते, म्हणून मी वहीच्या पानावर तो चौकोन काढला आणि पहिल्या सामन्यापासून सगळे सांगितले. बेस चोरण्याचा प्रकार त्यांना ताबडतोब पटला; आपल्याकडे ‘चोरटी धाव’ म्हणतातच, तेव्हा चोरीला प्रतिष्ठा देणारा हा काही एकमेव खेळ नव्हे. पण ते परत परत तिसऱ्या सामन्याकडे वळत होते. ‘तो दुसऱ्या दिवशीचा पिचर स्वतःहून आला?’ असे त्यांनी दोनदा विचारले. मग ते आपल्याबद्दल बोलू लागले, जे ते क्वचित करत.

बाबा टाइम्स शिल्डमध्ये आपल्या कार्यालयाकडून खेळत. संथ ऑफस्पिन, उंची दिलेला चेंडू, फारशी फिरकी नाही. एका सामन्यात समोरच्या संघाने पहिल्याच दिवशी धावांचा डोंगर उभा करायला घेतला. कर्णधाराने उपाहारानंतर त्यांच्या हाती चेंडू दिला आणि दिवस संपेपर्यंत काढून घेतला नाही, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या चेंडूने मारा करायला दोन्ही वेगवान गोलंदाज ताजे हवे होते. बाबांनी चौतीस षटके टाकली, एकशे वीसच्या वर धावा दिल्या, बळी एकही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दोघा वेगवान गोलंदाजांनी तासाभरात डाव गुंडाळला आणि त्यांचे फोटो कार्यालयाच्या फलकावर लागले. ‘स्कोअरबुकात तो दिवस माझ्या नावावर फार वाईट दिसतो,’ बाबा म्हणाले, ‘पण एक बाजू लावून धरणारा लागतो, अगं. त्याच्याशिवाय दुसऱ्या बाजूने काही घडत नाही.’ पद्माकर शिवलकरांना त्यांनी तासन्‌तास टाकताना पाहिले होते, आणि पॅडीसारखा गोलंदाज भारताकडून एकही कसोटी खेळला नाही ही सल त्यांच्या मनात कायम होती. आता त्या संध्याकाळी वेकफिल्ड त्यांच्या त्याच कप्प्यात जाऊन बसला. ‘या माणसाचे काम अजून संपलेले नाही. बघ तू,’ असे ते म्हणाले, आणि मी कामावर निघाले.

पाचवा सामना आमच्या पाळीतच, पहाटे पावणेतीनच्या सुमारास सुरू झाला. त्या रात्री मॅसॅच्युसेट्सहून येणाऱ्या प्रत्येक आवाजात जागरण होते. वूस्टरहून फोन केलेल्या एका वृद्ध बाईंचे बिलाचे काम दोन मिनिटांत संपले, पण मी सामन्याबद्दल काही विचारण्याआधीच त्या बोलू लागल्या. आदल्या रात्री आठव्या इनिंगनंतर त्या निजायला गेल्या होत्या आणि भावाने फोन करून उठवले होते. आज त्या झोपणार नव्हत्या. मी मुंबईहून बोलते आहे हे त्यांना ठाऊक नव्हते आणि सांगण्याची आम्हांला परवानगीही नव्हती. पण मीही सामना पाहते आहे असे सांगितल्यावर त्यांनी इतक्या मनापासून आभार मानले की फोन ठेवल्यानंतर पुढचा फोन घ्यायला मला क्षणभर वेळ लागला.

साडेचारला पाळी संपली. घरी सोडणारी गाडी मी जाऊ दिली आणि कँटीनशेजारच्या खोलीतल्या संगणकावर बसले. पुन्हा यांकीज ४-२ ने पुढे. आठव्या इनिंगमध्ये ऑर्टिझचा होमरन, पुन्हा मिलारला वॉक, पुन्हा त्याच्या जागी रॉबर्ट्स, आणि व्हॅरिटेकने उंच मारलेला चेंडू झेलला गेला तरी तिसऱ्या बेसवरून रॉबर्ट्स धावत घरी आला. ४-४. नवव्या इनिंगमध्ये यांकीजच्या टोनी क्लार्कने मारलेला चेंडू टप्पा पडून प्रेक्षकांत गेला. तो मैदानातच राहिला असता तर पहिल्या बेसवरचा धावपटू घरी पोचला असता आणि बहुधा मालिका तिथेच संपली असती. नियमानुसार तो तिसऱ्या बेसवर थांबला आणि तिथेच राहिला. दैवाचा वाटा या कहाणीत नाही असे मी म्हणणार नाही.

बाराव्या इनिंगला वेकफिल्ड आला. त्याचा चेंडू समजून घ्यायला हवा. इतर पिचर ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास टाकतात. वेकफिल्डचा चेंडू शंभर-एकशे दहाच्या घरात असे. बोटांच्या टोकांनी, नखांच्या आधाराने धरलेला हा नकलबॉल जवळजवळ न फिरता जातो आणि त्यामुळे शिवणीवरून वाहणारी हवा त्याला वाटेल तशी हलवते. तो कुठे जाणार हे बॅटरला कळत नाही, कॅचरला कळत नाही आणि खुद्द टाकणाऱ्यालाही कळत नाही. वेकफिल्ड मूळचा पहिल्या बेसवर खेळणारा. बॅटीने नाव काढता येत नाही हे उमगल्यावर हा चेंडू शिकून पिचर झालेला, पहिल्या संघाने सोडून दिल्यावर १९९५ साली बोस्टनला आलेला. त्याचे चेंडू घ्यायला डग मिराबेली नावाचा कॅचर मोठा हातमोजा घालून बसत असे. पण त्या रात्री कॅचर होता जेसन व्हॅरिटेक, ज्याला या चेंडूची सवय नव्हती. तेराव्या इनिंगमध्ये व्हॅरिटेकच्या हातून तीन चेंडू निसटले, यांकीजचे धावपटू दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर पोचले, आणि आणखी एक चेंडू निसटला असता तर यांकीज पुढे गेले असते. वर्षापूर्वी ज्या माणसाच्या एका चेंडूवर मालिका गेली होती त्याच माणसाने, तशाच प्रसंगी, पुन्हा तोच हळू, डुलणारा चेंडू टाकला आणि रूबेन सिएराला चकवून बाद केले. मला वाटते, धैर्य या शब्दाचा अर्थ मी त्या पानावरच्या त्या एका ओळीत वाचला. चौदाव्या इनिंगमध्ये ऑर्टिझने एकामागून एक चेंडू बाहेर तटवत अखेर दहावा चेंडू मधोमध मारला आणि जॉनी डेमन धावत घरी आला. ५ तास ४९ मिनिटांनंतर निकाल ५-४. विजयी पिचर म्हणून नोंद टिम वेकफिल्डची. चौथा सामना मध्यरात्रीनंतर संपला असल्यामुळे बोस्टनचे हे दोन्ही विजय एकाच तारखेवर जमा आहेत.

सहावा सामना न्यूयॉर्कला. शिलिंगचा सुटलेला स्नायुबंध जागेवर राहावा म्हणून डॉक्टरांनी घोट्याभोवतीची त्वचा आतल्या ऊतींना टाके घालून शिवली होती आणि हा उपाय आधी मृतदेहाच्या पायावर करून पाहिला होता. त्या पायावर त्याने सात इनिंग टाकून फक्त एक धाव दिली आणि मोज्यावर रक्त पसरत गेले. मार्क बेलहॉर्नचा होमरन पंचांनी आधी नाकारला, नंतर एकत्र येऊन मान्य केला; अॅलेक्स रॉड्रिगेझने ब्रॉन्सन अरोयोच्या हातातला चेंडू थापट मारून पाडला तोही प्रकार चर्चेअंती बाद ठरला. बोस्टन ४-२. शेवटच्या इनिंगला कीथ फोक आला. तो लागोपाठ तिसऱ्या दिवशी चेंडू टाकत होता, आणि शनिवारी त्याला हात लावावा लागला नव्हता म्हणूनच हे शक्य झाले.

गुरुवारी, २१ तारखेला, मी पुन्हा त्याच खोलीत थांबले. सातव्या सामन्याची सुरुवात बोस्टनतर्फे डेरेक लोने केली. चौथ्या सामन्यात वेकफिल्डच्या जागी उभा राहिलेला हाच तो पिचर, मध्ये फक्त दोन दिवसांची विश्रांती घेऊन. त्याने सहा इनिंग टाकल्या आणि यांकीजना चेंडू मारून बेस मिळवता आला तो फक्त एकदा. पहिल्या इनिंगमध्ये ऑर्टिझचा होमरन, दुसरीत तिन्ही बेस भरलेले असताना डेमनचा चार धावांचा होमरन, पुढे त्याचाच आणखी एक. १०-३. आपल्याकडे सकाळचे साडेनऊ वाजले होते. सामना संपल्यावर यांकीजचे व्यवस्थापक जो टोरी यांनी बोस्टनच्या खोलीत फोन करून वेकफिल्डशी बोलून त्याचे अभिनंदन केले, हे मला नंतर वाचायला मिळाले. एवढ्या नायकांमधून त्यांनी निवडलेले नाव पाहून बाबांना काय वाटेल ते मला विचारावे लागले नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा होता. मालाडहून गर्दीच्या गाडीने दादरला उतरले, फुलबाजारातून झेंडू घेतला आणि घरी गेले. बाबांनी दार उघडल्यावर निकाल माझ्या चेहऱ्यावरून ओळखला असावा, कारण तो त्यांनी विचारलाच नाही. ‘वेकफिल्डला आज चेंडू दिला का?’ एवढेच विचारले. नाही, म्हटले. ‘मग पुढचा सामना कधी आहे?’

पुढचा सामना म्हणजे सेंट लुईस कार्डिनल्सविरुद्धच्या वर्ल्ड सिरीजचा पहिला, आपल्या रविवारी पहाटे. ती सिरीज बोस्टनने ४-० अशी जिंकली आणि ८६ वर्षांचा उपास सुटला. शेवटचा सामना तिकडे खग्रास चंद्रग्रहणाच्या रात्री झाला, आपल्याकडे कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. पण मला आठवतो तो रविवार. नऊ वाजता सायबर कॅफे उघडला तेव्हा माझ्याबरोबर बाबाही आले होते, इस्त्रीचा सदरा घालून. ते माझ्या शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. सामना संपत आला होता, पडद्यावर आठव्या इनिंगच्या ओळी येत होत्या आणि मी त्या घाईघाईने वाचू लागले, तेव्हा त्यांनी मला थांबवले आणि पान मागे नेऊन अगदी पहिली ओळ वाचायला सांगितली. मी पान वर नेले. सामन्याचा पहिला चेंडू फेनवे पार्कवर यजमानांतर्फे टाकला होता टिम वेकफिल्डने.